तळहाताखालचं लेबल

कंपाउंडरकाका प्रसादाचा पेढासुद्धा आधी हुंगत, उलटा करून पाहत आणि मगच कपाळाला लावून खात. महाल भागातल्या एका दवाखान्यात औषधं ओतण्यात त्यांचा जन्म गेला. राहायला ते आमच्या शेजारी होते. आम्ही मुलं त्यांना पाठीमागे शंकासूर म्हणत असू. त्यांना ते ठाऊक होतं.

बाटली हातात देताना ते प्रत्येकाला बजावत, "ओततानी लेबल तळहाताखाली धरत जा. थेंब ओघळला तरी नाव पुसल्या जात नाही. नाव गेलं का औषध अन् जहर सारखंच."

स्वातंत्र्यानंतरची ती पहिलीच काही वर्षं. मी अकरा वर्षांची होते. सीताबर्डीच्या टॉकीजमध्ये खास मुलांसाठी म्हणून एक कौटुंबिक चित्रपट लागला होता. आई, मी, धाकटी कुसुम आणि काका, असे आम्ही गेलो. पडद्यावरचा आजारी मुलगा आईच्या हातून एका टॉनिकचे तीन चमचे घेतो आणि पतंग उडवायला धावतो. सारं थिएटर डोळे पुसत होतं. काका माझ्या कानाशी वाकले.

"काहून वं, ही बाई लेबल पब्लिककडं करून काहून ओतून राहिली? पोरगं तर तिकडं आहे."

बाहेर आलो तर दाराशीच त्या टॉनिकचं टेबल मांडलेलं. "पाह्य," काका म्हणाले, "पिक्चर संपला अन् दुकान उघडलं. का पहिलेपासून दुकानच होतं?" मला त्यांचा फार राग आला. माणसाचं रडून झाल्यावर कुणी असं बोलू नये.

पुढे कुसुमला हिवताप झाला. डॉक्टरांनी कोयनेलचं, म्हणजे क्विनीनचं, कडूजहर औषध दिलं. आठवडा झाला, तरी दिवसाआड हुडहुडी भरायचीच. औषध नेमानं चाललंय, असं आई सांगे. पोरीचे डोळे खोल गेले होते. एका संध्याकाळी काका आले, त्यांनी बाटलीशेजारचा चमचा उचलला आणि जिभेला लावला.

"वहिनी, कोयनेलचा चमचा गोड कसा?"

आईनं तांदळाच्या डब्यामागून त्या टॉनिकची बाटली काढली. "कडू औषध ओकून टाकते ती, भाऊजी. हे तिले गोड लागते. त्या पिक्चरमधल्या पोराले नाही का गुण आला?"

"तो पोरगा पिक्चर झाल्यावर घरी जाऊन जेवला, वहिनी. त्याले ताप होता कधी?"

ते रागावले नाहीत. कोयनेलचा एक चमचा त्यांनी आधी स्वतः घेतला आणि असं काही तोंड केलं की कुसुम त्या ग्लानीतही हसली. त्या उघड्या तोंडात दुसरा चमचा गेला. ताप उतरेपर्यंत रोज तिन्ही वेळा काका येत, आधी स्वतःचं तोंड कडू करत. कुसुम आज दोन मुलांची आई आहे.

गेल्या महिन्यात काका गेले. अखेरच्या आठवड्यात त्यांना औषध मीच देत असे. पहिल्या दिवशी मी चमचा भरला आणि थांबले. वाटलं, आता बाटली मागतील, उलटी करतील, नाव दोनदा वाचतील. ते नुसतेच माझ्या हाताकडे पाहत होते. लेबल तळहाताखाली होतं.

"नाव दाखवू, काका?"

"काहून?" ते म्हणाले, आणि त्यांनी तोंड उघडलं.