वीतभर उंचीवरून

"हात वर करू नकोस गं, तांब्या बाटेल."

पाटलीणबाई एवढंच म्हणाल्या. मी सात वर्षांची. आईबरोबर त्यांच्या रानात खुरपायला गेले होते. ओंजळ तोंडाला लावून वाकले होते, त्या वरून पाणी ओतत होत्या. धार नाकात गेली, मी खोकले, हात जरा वर झाले. बस्स. आईनं माझेच हात खाली दाबले. पाटलिणीला एक शब्द बोलली नाही. कोपरावरून ओघळलेलं ते पाणी मला अजून ओलं लागतं.

आज मी अमेरिकेत, शॉमबर्गला सॉफ्टवेअरमध्ये आहे. आडनावावरून माझी जात कळत नाही. मीही कधी कळू दिली नाही. आमच्या मराठी ग्रुपनं आफ्रिकेत, मलावीतल्या एका खेड्यात हातपंप बसवला, तेव्हा सुट्टी टाकून मी गेले. शेवटच्या दिवशी पंपापुढं नारळ फोडला. ग्रुपमधल्या एका काकूंनी त्यासाठी घरचा तांब्या नेला होता. पहिलं पाणी पाजायचा मान मला मिळाला.

एक म्हातारी पुढं आली. हातात निळा, टवके उडालेला मग. मी नको म्हणून मान हलवली, ओंजळ करून दाखवली. तिनं तो मग काखेत दाबला आणि वाकली. मी वरून ओतलं. फोटो निघाला. टाळ्या पडल्या.

परत आल्यावर इथल्या हॉलमध्ये सगळ्यांना फोटो दाखवले. तो फोटो भिंतभर आला. शेजारी बसलेली माझी बारा वर्षांची लेक हळूच म्हणाली, "आई, व्हाय डिडन्ट यू यूज हर मग?"

मी बघत राहिले. म्हातारीचा निळा मग काखेतच होता. तांब्या तिच्या हातापासून वीतभर वर. बरोब्बर तेवढाच. मला कुणी सांगितलं नव्हतं, माझ्या हातालाच ठाऊक होतं. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ग्रुप चालवणारे काका खूश होते. "काय सुपर्ब फोटो आलाय! पोस्टरवर हाच टाकू. आमची आजी गड्यांना अशीच वरून पाणी घालायची. किती माया होती तिला!"

लोक कौतुकानं हसले.

मी उभी राहिले. आता बोलले तर सगळ्यांना कळणार होतं.

"काका, हा फोटो काढून टाका. अशा गड्यांत माझी आई होती. मीही होते. ती माया नव्हती, विटाळ होता."

"अगं, इथे अमेरिकेत कशाला तो टॉपिक? आणि पाणी तर तूच पाजलंस ना?"

"हो, मीच. म्हणून तर सांगतेय."

लेकीचा हात धरून मी बाहेर पडले. कुणी थांबवलंही नाही.

ती म्हातारी डोळ्यांपुढून हलत नाही. काखेत मग दाबून वाकलेली. हलूही नये. यापुढं त्या पाण्यासाठी कुणी माझं कौतुक केलं, की मी तांब्याची उंची सांगणार. आधी पाटलिणीच्या. मग माझ्या.