सुईचे दंड

मस्कतच्या मंडळींनो, आज सीबला आमच्या घरी पुढच्या मोसमाचा क्रिकेट संघ ठरत होता. फास्ट बोलर हवा होता. दादाने स्वतःचं नाव सुचवलं.

कर्णधार अन्वरभाई हसला. "तुझे दंड व्यायामाचे नाहीत, सुईचे आहेत."

दादाने त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. अन्वरभाईने बॅट हाणली. दादाच्या कपाळाची कातडी लोंबायला लागली.

हॉस्पिटलला जाताना गाडीत अन्वरभाईच ती जखम दाबून बसला होता. मला म्हणाला, "पोलिस केस झाली तर दोघांचाही व्हिसा खलास."

घरातली पहिली पदवीधर मी, म्हणून डॉक्टरांशी मीच बोलले. दादा जिन्यावरून पडला, असं सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, "कुठलं इंजेक्शन घेतो का?"

दादाकडे न बघता मी "नाही" म्हटलं. तुम्ही काय म्हटलं असतं?