कॉव्हेंट्रीच्या दुकानातली शेवटची भवानी

"दुकान बंद होतंय," जोशी काकू फोनवर एवढंच म्हणाल्या आणि आईने हातातली सुरी खाली ठेवली. कोणतं दुकान, हे तिने विचारलंसुद्धा नाही. आमच्या घरी 'दुकान' एकच. कॉव्हेंट्रीच्या भर बाजारातलं, चार मजल्यांचं, सरकत्या जिन्याचं डिपार्टमेंट स्टोअर. बाकी सगळी नुसती शॉप्स.

बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे, लंडनच्या स्टॅनमोरला असते. पण तिचं अर्धं आयुष्य त्या दुकानाच्या तिसऱ्या मजल्यावर गेलं. बटणं, झिपा, लेस, दोरे आणि लोकरीचं काउंटर तिच्याकडे होतं. गळ्यात मंगळसूत्र आणि त्याच्या शेजारी मोजायची टेप, हे माझ्या लहानपणीच्या आईचं रूप. शाळा सुटली की मी तिथेच जायचे. खालच्या मजल्यावर परफ्यूमचा घमघमाट, मग जिन्याने वर, वर, आणि शेवटी आई. तिची वेळ संपली की सगळ्यात वरच्या कॅफेत लोणी लावलेला गरम टीकेक, म्हणजे मनुकांचा गोड पाव. वर्गातल्या पोरी विचारायच्या, "तुझी मम तिथे काम करते? रिअली?" आणि मी मान अशी काही ताठ करायचे की दुकान जणू आमच्याच मालकीचं होतं.

"शनिवारी लास्ट डे आहे म्हणे," आई म्हणाली. "मला दार उघडायच्या आधी तिथे उभं राहायचंय. शेवटच्या दिवसाची भवानी माझ्या हातून झाली पाहिजे."

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. माझ्या आजोबांचं मिरजेला बांगड्यांचं दुकान होतं. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी, ती चांगली झाली की दिवस चांगला, आणि पहिल्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही, हे आईच्या हाडामांसात भिनलेलं. इतकं की नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, सकाळी आलेली पहिली बाई लोकर महाग म्हणून परत निघाली, तर आईने तिला सरळ किंमत कमी करून दिली! इंग्लंडातल्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये, जिथे प्रत्येक वस्तूवर छापील किमतीचं लेबल असतं! तिची सुपरवायझर मिसेस हॉलंड. तिने आईला बाजूला घेऊन समजावलं की इथे असं चालत नाही. आईने ते ऐकलं. पण पहिली नोट कपाळाला लावून मग गल्ल्यात ठेवणं काही सोडलं नाही. एकदा मिसेस हॉलंडने तेही पाहिलं.

"वास घेतेस का गं नोटेचा?" तिने विचारलं होतं.

"फर्स्ट मनी," आई म्हणाली. "लक्ष्मी. गॉड. होल डे गुड." तेव्हाचं तिचं इंग्लिश एवढंच.

मिसेस हॉलंडने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मग कर बाई. आपल्याला गरज आहेच." पुढे ती रोज सकाळी येऊन विचारायची, "झाली का पहिली?" ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की मला ती स्वतः पाहिल्यासारखी वाटते.

तर, शनिवारी अंधारातच निघालो. तुम्ही कोणी लंडनहून कॉव्हेंट्रीला जाणार असाल तर माझं ऐका, ट्रेनने जा. युस्टनहून तासाभराचा प्रवास, आणि तिकीट आधी काढलं तर खिशालाही परवडतं. पण आईला ट्रेन नको होती. "ट्रेन लेट झाली तर?" म्हणून आम्ही गाडी काढली. नशिबाची थट्टा पुढे येतेच आहे.

एम-वन मोटरवे पकडला की सरळ उत्तरेला, मग एम-फॉर्टीफाइव्हवरून ए-फॉर्टीफाइव्ह, तोच शहरात नेऊन सोडतो. रिकामा रस्ता असला तर दीड तास. ल्यूटनच्या अलीकडे रुंदीकरणाचं काम, पन्नासची मर्यादा आणि खांबाखांबावर कॅमेरे. तेही चाललं असतं. पण पुढे कुठेतरी लॉरी आडवी झालेली, आणि सगळा मोटरवे जागच्या जागी थिजला. आईने डबा उघडला. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि थर्मासमधला चहा. (मोटरवेवरच्या सर्व्हिसेसमध्ये खायच्या फंदात पडू नका. दोन चहा आणि एका सँडविचच्या पैशांत घरी चौघांचं जेवण होतं.) मी दोन पुऱ्या खाल्ल्या. तिने एकही नाही.

"आई, खा ना."

"भवानी झाल्यावर."

"अगं, उपास आहे का हा?"

ती घड्याळ बघत राहिली. दुकान उघडायची वेळ झाली तेव्हा आम्ही नॉर्थॅम्प्टनच्याही पुढे नव्हतो. ती वेळ टळून गेल्यावर तिने मनगट पदराखाली झाकलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मला रडू यायचंच बाकी होतं. रोज उठून स्वतःसाठी काही न मागणारी बाई एक गोष्ट मागते, आणि ती आपल्याला देता येत नाही!

"परत फिरायचं का?" मी हळूच विचारलं.

"वेडी आहेस का? माणूस शेवटच्या घटका मोजत असलं तर उशीर झाला म्हणून भेटायचं नाही?"

कॉव्हेंट्रीच्या रिंग रोडवरून जो गेला नाही त्याने गाडी चालवतो म्हणू नये. चढणारे आणि उतरणारे एकाच पट्ट्यात एकमेकांसमोरून आडवे जातात. पहिल्या फेरीत माझी एक्झिट चुकली, दुसऱ्या फेरीत आई "लेफ्ट, लेफ्ट!" ओरडली तेव्हा सापडली. मल्टिस्टोरीत गाडी लावली. पार्किंगला सुट्टी नाणी बरोबर ठेवा, मशीन नोटा घेत नाही. तिथून चालत पाच मिनिटांवर प्रिसिंक्ट, जिथे गाड्यांना बंदी आणि नुसती माणसंच माणसं.

आणि समोर दुकान. सगळ्या काचांवर लाल-पिवळे भलेमोठे कागद. 'एव्हरीथिंग मस्ट गो.' सत्तर टक्के सूट. ज्या खिडक्यांत नाताळात चालती-बोलती हरणं असायची, जिथे आम्ही पोरं नाक चिकटवून उभी राहायचो, तिथे आता उघड्या मॅनिकिन्स आणि त्यांच्याही गळ्यात किमतीची लेबलं.

"सत्तर टक्के!" आई फुटपाथवरच थांबली. "मी थोडी सूट दिली तर बोलणी खाल्ली. आणि आता बघ."

आत जत्रा भरलेली. केटल, टोस्टर, रजया यांच्यावर लोक तुटून पडले होते. एक आजोबा चक्क दिव्याची शेड डोक्यावर घालून रांगेत उभे होते, हात रिकामे राहावेत म्हणून. मला वाटलं होतं आई या गर्दीत बावरेल. छे! ती माझ्या पुढे. "एक्स्क्यूज मी, एक्स्क्यूज मी डार्लिंग," करत थेट जिन्याकडे. सरकता जिना बंद होता, तरी ती कठड्याला धरून पायऱ्या चढली. गुडघ्यांची तक्रार स्टॅनमोरलाच ठेवून आली होती बहुतेक.

तिसरा मजला मात्र शांत. अर्धे दिवे मालवलेले. कार्पेटवर काढलेल्या कपाटांचे चौकोनी डाग. आणि कोपऱ्यात, होतं तिथेच, आईचं काउंटर. बटणांचे ते छोटे छोटे खण अजून तसेच. बंद होणाऱ्या दुकानातून बटण कोण घेतो? काउंटरमागे एक तरुण मुलगी उभी होती, पिंगट केसांची, छातीवर 'केली' असं नाव लावलेली. ती कंटाळून लोकरीचे गुंडे रंगांप्रमाणे लावत होती.

आईने काउंटरवरून हात फिरवला. मग खण बघायला लागली. केलीने विचारलं, "काही हवंय का, लव्ह?" तर आई तिला म्हणाली, हूक कुठे असतात ते मला ठाऊक आहे. आणि न बघता उजवीकडचा खालून दुसरा खण ओढला. ब्लाउजच्या हुकांचं एक पान काढून काउंटरवर ठेवलं.

मी सवयीने कार्ड पुढे केलं. आईने माझा हात बाजूला सारला. "कार्ड काय कपाळाला लावणार?" ती मराठीत पुटपुटली, आणि पर्समधून पाच पौंडांची नोट काढून केलीला दिली.

"थँक्यू, लव्ह. आजचं पहिलं गिऱ्हाईक तुम्हीच," केली हसून म्हणाली. "सकाळपासून वर कुणी फिरकलंच नाही."

आणि तिने नोट घेतली, डोळे मिटले, नोट कपाळाला टेकवली, आणि मग गल्ल्यात ठेवली.

मी बघतच राहिले. आईने काउंटरची कड घट्ट पकडली होती.

"हे काय केलंस तू?" आईने विचारलं. इंग्लिशमध्ये, अगदी साधं, कुणी अनोळखी विचारेल तसं.

"हे? अहो, पहिली नोट असते ना दिवसाची, ती अशी करायची. या डिपार्टमेंटला सगळे करतात. मला सँड्राने शिकवलं, तिला मिसेस हॉलंड म्हणून कुणी होती तिने. नाही केलं तर दिवस वाईट जातो म्हणे." मग जरा लाजून, "माझी आजी म्हणते, कॉव्हेंट्रीची जुनी रीत आहे ही. फार जुनी."

मी तोंड उघडलं. ही माझी आई आहे, हे मला त्या चारही मजल्यांना ओरडून सांगायचं होतं. आईने काउंटरखाली माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात.

"हो," आई म्हणाली. "फार जुनी आहे. सोमवारपासून कुठे जाणार तू?"

"बुटांच्या दुकानात. कोपऱ्यावरच. नोकरी मिळाली, नशीब."

"तिथेही करशील ना?"

"ऑफ कोर्स!" केली म्हणाली, जणू प्रश्नच चुकीचा होता.

वरचा कॅफे आधीच बंद झाला होता, म्हणून टीकेक नशिबात नव्हता. आम्ही फोल्सहिल रोडला, आपल्या देशी दुकानांच्या रस्त्याला गेलो. तिथे जायलाच हवं, भूक नसली तरी. गरम सामोसे, जिलेबी, आणि दोघींचं पोट भरून हातात पुडा, तोही लंडनच्या निम्म्या पैशांत. आईने तीन सामोसे खाल्ले.

"सांगितलं का नाहीस तिला?" मी अजून धुमसत होते. "तू सुरू केलंस ते! तुझं नाव कळलं असतं!"

"माझं नाव कळून काय व्हायचंय? आता ती त्यांची रीत आहे. माझी म्हटली असती तर पाहुणी राहिली असती." आणि मग चटणीचं बोट चाटून, पदराने डोळे पुसून, हसून म्हणाली, "मिरजेहून आणलेली रीत कॉव्हेंट्रीची जुनी झाली गं, मंजू!"

इतका अभिमान मला माझ्या डिग्रीचा वाटला नव्हता, घराच्या किल्ल्या हातात आल्या तेव्हाही नाही.

परत येताना एम-वन रिकामा होता. अर्थातच. आई सगळा रस्ता झोपली, हुकांचं पान मुठीत धरून. ते तिने अजून वापरलेलं नाही, देवघराशेजारच्या फळीवर ठेवलंय. दुकानाच्या इमारतीत आता काय येणार, मला माहीत नाही. जिम म्हणतात, फ्लॅट म्हणतात.

सोमवारी सकाळी मी ट्यूबसाठी घाईत निघत होते. आई किचनमध्ये चहा घेत बसली होती, घड्याळाकडे तोंड करून. मी बाय म्हटलं तर तिने हातानेच थांब म्हणून खूण केली. काटा नवावर गेला. तिने रिकामा हात कपाळाला टेकवला.

"जा आता," ती म्हणाली. "बुटांच्या दुकानाची भवानी झाली."