ह्याचा शर्ट कुठाय?

मंडळी, बांगलादेशातले तयार कपडे आता रस्त्याने येणार नाहीत, समुद्रमार्गे दोनच बंदरांत उतरतील, ही बातमी आपल्या ग्रुपवर सगळ्यांनी नाचवली. मी तर निजामपुऱ्यातल्या माझ्या लूम कारखान्यात पेढे वाटले. म्हटलं, आता ऑर्डर आपल्याकडेच.

आज सकाळी खरंच मुंबईहून एक व्यापारी आले. त्यांचा बांगलादेशातला माल जहाजाने यायला उशीर होतोय. मी ऐटीत लूमवरचं कापड त्यांच्यापुढे पसरलं. त्यांनी ते दोन बोटांत धरून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "चांगलं आहे. ह्याचा शर्ट कुठाय?"

आयुष्यभर आपण कोरं कापड विणून बाहेर पाठवलं. रंगवतात दुसरे, शिवतात तिसरे. सरकारने बंदरं दोन ठेवली काय नि एक ठेवलं काय, आपल्या लूममधून शर्ट पडणार नाही.

ते गेल्यावर राग आला, स्वतःचाच. तेच कापड उचललं आणि गल्लीत शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या सलमाभाभींकडे गेलो. त्या म्हणाल्या, "एक शर्ट तो अभी सी दूँगी, भाईसाब. रोज के सौ चाहिए तो और हाथ लाओ."

तो शर्ट आत्ता माझ्या अंगात आहे. रंग नाही, बटणं नाहीत, तरी व्यापाऱ्यांना फोटो पाठवलाय आणि पंधरा दिवस मागितलेत.

बातमी फॉरवर्ड करणाऱ्यांनो, आता सांगा, तुमच्या घरात शिलाई मशीन कोण चालवतं? काज-बटण कुणाला जमतं? उद्या दहा वाजता कारखान्यात या. पेढे आता शर्ट शिवून झाल्यावरच.