तलावाचं पेलाभर पाणी

साठ सालच्या सुमारास मी बंगळूरच्या एका सार्वजनिक जलतरण तलावावर रोज पोहायला जायचो. तिथल्या रखवालदाराचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्यांना अण्णाच म्हणत. आमच्यासारखेच जुन्या मराठी घरातले, पण कानडी 'स्वल्प'शिवाय, म्हणजे 'जरा'शिवाय, त्यांचं पान हलत नसे आणि 'सर'चं ते 'सार' करत. "स्वल्प पाय धुवा, मग उतरा," म्हणत ते भल्याभल्यांना नळाखाली उभं करत.

एका उन्हाळ्यात पाणी हिरवट झालं आणि पोहणाऱ्या मुलांना जुलाब लागले. पाणी बदला म्हणून अण्णांनी कचेरीत महिनाभर खेटे घातले. शेवटी एक साहेब आले आणि काठावरूनच म्हणाले, "पाणी उत्तम आहे."

अण्णांनी पेला तलावात बुडवून अदबीनं पुढे केला. "ऊन फार आहे, सार. स्वल्प घ्या."

साहेब दचकले. "हे काय प्यायचं पाणी आहे?"

"पोरं पोहताना पितातच की, सार."

आम्ही तोंडात टॉवेल कोंबून उभे होतो. साहेब तडक निघून गेले, पण दुपारीच तलाव उपसायला माणसं आली.

तळातला काळा गाळ बघून मी नाक दाबलं. अण्णा मात्र खुशीत कुजबुजले, "ते खरंच प्याले असते, तर माझी पंचाईत होती!"