रिकामी परत गेलेली वाटी

तमाम परभणीकरांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, गेल्या हिवाळ्यात आमच्या घरातून शेजारी एक वाटी रिकामी परत गेली. यात ज्यांना काही विशेष वाटत नाही, त्यांना शेजार म्हणजे काय ते ठाऊक नाही.

वाटी परत केली आमच्या चिरंजीवांनी. वय तेवीस. परीक्षेत अपयश घेऊन पुण्याहून आला, तेव्हापासून खोलीचं दार बंद. झोप नाही, जेवणावर मन नाही. शेजारच्या काकू येसराची आमटी पाठवायच्या, तेवढी मात्र खायचा. त्या वाटीपुरतं तरी दार उघडतं, एवढ्यावर आम्ही नवरा-बायको खूश होतो.

मग मोबाइलवर त्याला कुणी उपदेशक भेटला. रोज कुणाचे तरी आभार माना, मन हलकं होईल. पोरानं वाटी घासली, पुसली, शेजारी नेली आणि हात जोडून म्हणाला, "थँक्यू काकू. मनापासून."

काकूंनी वाटीत डोकावलं. ना साखरेची चिमूट, ना गुळाचा खडा. संध्याकाळी कुंपणावरून माझ्या बायकोला म्हणाल्या, "आमचं काय चुकलं का वो? पोरगं गाव सोडून निघाल्यावानी हात जोडून गेलं." त्यानंतर आमटी बंद. दारही बंद.

मी दाराबाहेरूनच समजावलं, "अरे, रिकामी वाटी म्हणजे आता पाठवू नका."

"पण मी थँक्यू म्हणालो ना."

"तेच तर. ते परक्याला म्हणतात."

"मग आपल्या माणसाला काय म्हणतात?"

आपण इतक्या वर्षांत बायकोला काय म्हणालो, हेच आठवेना. तिलाच विचारलं. पोळी लाटता लाटता ती म्हणाली, "मीठ कमी हाय म्हणता की."

एका सकाळी स्वयंपाकघरातून धूर आला. पाहतो तर चिरंजीव शिरा हलवतोय. तो खोलीबाहेर आला म्हणून आनंद मानावा की कढई गेली म्हणून ओरडावं, कळेना. शिऱ्याला आपल्या काळ्या रानाचा रंग आला होता. आमच्याच घरातल्या एका वाटीत तो भरून पोरगा शेजारी निघाला. मागोमाग मी, कुंपणाआड.

काकूंनी घास तोंडात टाकला. डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत. पोरगा त्यांच्या तोंडाकडे निकाल लागणार असल्यासारखा बघत उभा.

"लेकरा," काकू म्हणाल्या, "याच्यापरीस तुझं थँक्यूच बरं होतं. बस आता, आमटी टाकते."