जिभेखाली गोळी विरघळेपर्यंत

रिटायर झाल्यावर सकाळ कशी घालवायची, हा प्रश्न मला पडलाच नाही. मुलाला घेऊन उल्हासनगरला जायचं असायचं, कॅम्प एकला, रोज, गोळीसाठी.

तो तेव्हा चोवीस वर्षांचा होता. आयटीआय झालेला, मोटार वाइंडिंगमध्ये हात चांगला. अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला लागला आणि तिथल्याच दोस्तांच्या नादानं गर्द ओढायला शिकला. आम्हाला कळलं तोवर तीन वर्षं गेली होती. माझी नोकरी शिफ्टची. मी घरी असायचो तेव्हा तो झोपलेला, तो घरी असायचा तेव्हा मी. त्याची आई म्हणायची, पोरगा बारीक झालाय. मी म्हणायचो, या वयात होतात. मग घरातला मिक्सर गेला, तिचं शिलाई मशीन गेलं. दोनदा त्याला खोलीत कोंडून ठेवलं. एकदा लांबच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात तीन महिने ठेवला. परत आला आणि आठवड्याभरात पुन्हा तेच.

विहारात येणाऱ्या एका बाईंनी त्याच्या आईला उल्हासनगरच्या या नव्या उपचाराबद्दल सांगितलं. तिथं कोंडत नाहीत, रोज एक गोळी देतात आणि घरी पाठवतात. मला ते खरं वाटलं नाही. पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

तिथल्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत त्याला तपासलं आणि सांगितलं, "उद्या सकाळपर्यंत काही घ्यायचं नाही. टर्की लागल्यावरच पहिली गोळी देता येते, नाहीतर त्रास वाढतो." टर्की म्हणजे नशा उतरल्यावरचे हाल. तो शब्द आम्ही घरातच शिकलो होतो.

दुसऱ्या दिवशी स्कूटरवर माझ्यामागे तो थरथरत बसला होता. त्याच्या नाकाचं पाणी माझ्या शर्टाच्या पाठीला लागत होतं. सिस्टरनी गोळी चुरून त्याच्या जिभेखाली ठेवली. "गिळायची नाही, बोलायचं नाही. पूर्ण विरघळू दे." आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. तासाभरानं त्याचं अंग शांत झालं. रुमालानं तोंड पुसून तो म्हणाला, "पप्पा, तुम्ही चहा घेतला का?"

तीन-चार वर्षांत त्यानं मला असं साधं काही विचारलं नव्हतं. 

मग रोजचाच क्रम झाला. साडेसातला घरातून निघायचं. अंबरनाथ स्टेशनच्या पश्चिमेकडून आमची जुनी स्कूटर कॅम्प पाच, चार असं करत जायची. दुकानांची शटरं अर्धी उघडलेली असायची, फुटपाथवर सोफे आणि कपाटं मांडायला सुरुवात झालेली असायची. गोळी जिभेखाली असेपर्यंत त्याला बोलता यायचं नाही, म्हणून मी बोलायचो. आधी पेपरातल्या बातम्या सांगायचो. त्या संपल्यावर स्वतःचं सांगायला लागलो. अंबरनाथला आलो तेव्हा आम्ही चौघं मित्र एका खोलीत कसे राहायचो, त्याच्या आईला बघायला गेलो तेव्हा शर्ट मित्राचा होता, माझे वडील मिलमधून आल्यावर भिंतीला टेकून कसे गप्प बसायचे. तो भुवया उडवायचा, कधी हसू आवरायचा. शेवटी सिस्टर म्हणायच्या, "आ कर." तोंड रिकामं बघून वहीत सही घ्यायच्या.

परतताना नाक्यावर एका सिंधी काकांच्या गाडीवर दाल-पकवान खायचो. "साईं, आज लेट?" असं ते विचारायचे. आम्ही कुठून येतो ते त्यांना माहीत असावं. त्यांनी कधी तसं दाखवलं नाही.

चार महिन्यांत त्याचं अंग भरलं. एका वाइंडिंगच्या दुकानात कामही मिळालं. आणि तेव्हाच मी चुकलो.

माझा मेहुणा आला होता. जेवताना म्हणाला, "दाजी, राग मानू नका. पण एक नशा सोडवायला तुम्ही दुसरी लावलीत. पोरगा जन्मभर गोळीवर जगणार का?" राग आला नाही, कारण हेच माझ्याही मनात होतं. दुसऱ्या सकाळी मी मुलाला म्हटलं, "आता बरा झालायस. बंद कर ती गोळी."

"डॉक्टरांना विचारू ना, पप्पा."

"डॉक्टर तुझा बाप आहे की मी?"

त्या दिवसापासून मी स्कूटर काढली नाही.

दहाव्या दिवशी तो कामावर गेलाच नाही असं कळलं. शिवमंदिराच्या मागच्या अंगाला नाल्याकाठी सापडला. हातात गर्द ओढायची पन्नी होती. मला बघून त्यानं ती लपवलीही नाही. "नऊ दिवस काढले, पप्पा," म्हणाला. "झोपलोच नाही एकपण दिवस." मी त्याच्याशेजारी खाली बसलो. मला वाटत होतं हा बरा आहे. रोज रात्री तो पलीकडे तळमळत होता आणि मी घोरत होतो.

दुसऱ्या दिवशी त्याला परत कॅम्प एकला घेऊन गेलो. डॉक्टर रागावतील म्हणून मी सगळा दोष आधीच कबूल केला. ते रागावले नाहीत. "घाईनं बंद केली की असं होतं, काका," एवढंच म्हणाले. मी त्यांना विचारलं, मग ही गोळी आणि ती नशा यांत फरक काय? उत्तर मुलानं दिलं.

"शेवटी शेवटी गर्द घेऊन मजा येतच नव्हती, पप्पा. नुसता त्रास थांबायचा. आणि तो थांबवायलाच अख्खा दिवस जायचा. गोळीनं पण त्रास थांबतो, पण मग दिवस उरतो."

त्यानंतर मी कधी घाई केली नाही. दोन वर्षांहून जास्त काळ आम्ही जात राहिलो. गणपतीत गेलो, जयंतीच्या दिवशी निळा फेटा बांधून गेलो, मला ताप असताना त्याची आई रिक्षानं घेऊन गेली. मग डॉक्टरांनी डोस हळूहळू कमी केला. गोळी अर्धी झाली, पाव झाली. एकदा मध्येच त्याला सहन होईना, तर पुन्हा वाढवली. मला कमीपणा वाटला नाही. एके दिवशी ती खरंच बंद झाली.

आज त्याचं बदलापूरला स्वतःचं वाइंडिंगचं दुकान आहे, बायको आहे, मुलगी आहे. लग्नाआधी त्यानं होणाऱ्या बायकोला सगळं सांगितलं होतं. मी सांगू नको म्हणत होतो. रविवारी ते येतात. तो भराभर जेवतो, मुलीच्या शाळेचं बोलतो आणि उजेड असतानाच निघतो. त्याला माझ्यासाठी वेळ नसतो, आणि ते मला आवडतं.

तरी कधी कधी सकाळी साडेसातला मला तो बाक आठवतो. तीस वर्षं नोकरी करून मला मुलाशी बोलायला वेळ मिळाला नव्हता. तो त्या दोन-अडीच वर्षांत मिळाला, रोज दहा-दहा मिनिटं. हे मी कुणाला सांगत नाही. मुलाच्या आजारपणाचे दिवस बापाला बरे वाटत होते, असं कसं सांगणार?